खडूच्या चार रेघा

१

आत्या गॅरेजपाशी पोहोचली तेव्हा थोरलीची हत्यारांची पेटी फुटपाथवर पडली होती. ठेवलेली नव्हे, पडलेली. झाकण अर्धवट उघडं आणि आतले पाने घरंगळत पार गटाराच्या जाळीपर्यंत गेलेले. थोरली गुडघ्यांवर बसून ते एकेक करून गोळा करत होती. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते.

"कुणी केलं हे?" आत्यानं विचारलं.

"बाबांनी." थोरलीनं वर पाहिलं नाही. "म्हणाले, या शटरच्या आत पुन्हा पाय ठेवायचा नाही."

राग आत्याच्या नाकावरच असायचा. आयुष्यभर तिनं विम्याची सर्व्हेअर म्हणून ठोकलेल्या गाड्या तपासल्या होत्या आणि गाड्यांपेक्षा जास्त वेळ त्यांच्या मालकांच्या थापा ऐकण्यात घालवला होता. पण आजचा राग वेगळा होता. ज्या भाचीला तिनं कडेवर खेळवलं, ती रस्त्यावर पाने वेचत होती, आणि वेचायला लावणारा आत्याचा सख्खा मोठा भाऊ, दादा, होता.

झालं होतं ते असं. थोरलीच्या आईची जुनी गाडी गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं धूळ खात होती. चारही चाकांना ताकद देणारी, डोंगर चढायला बनवलेली, पण इंजिन पार थकलेलं. आई गेली तशी ती गाडी कुणी बाहेर काढली नव्हती. थोरलीनं ती मनावर घेतली. ठोकलेली एक टर्बो गाडी विकत घेतली, तिचं इंजिन, तिचाच गिअरबॉक्स आणि तिचाच मागची चाकं फिरवणारा दातेरी डिफरन्शियल काढून आईच्या गाडीत बसवला. परवा सकाळी गाडी पहिल्यांदा बाहेर पडली. चालवायला धाकटा बसला, कारण त्यानं लहानपणासारखा हट्ट धरला. डोंगराच्या उतारावर एका वळणाला गाडी वळलीच नाही. सरळ गेली आणि दगडी कठड्यावर आदळली. धाकट्याचा पाय मांडीपासून मोडला. चालेल, पण पूर्वीसारखा चालेल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आत्या होती. दादा गॅरेजमधून तडक तिथे आला. स्ट्रेचरवरचा धाकटा ग्लानीत बडबडत होता, "लॉक सुटला नाही, बाबा, लॉक सुटला नाही." दादाचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो थोरलीवर असा काही तुटून पडला की नर्सनं येऊन त्याला बाजूला केलं.

"पुढचं आणि मागचं जुळवायला विसरलीस तू," तो ओरडला होता. "भावाला मारायला निघाली होतीस."

तेच वाक्य थोरलीच्या डोक्यात घर करून बसलं होतं.

"मी खडू लावून बघितलं होतं गं आत्या," ती आता म्हणाली. हातातला पाना ती ओढणीनं पुसत होती, पुसतच होती. "सगळं जुळत होतं. पण आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. कदाचित मीच चुकले असेन."

"गाडी कुठे आहे?"

"क्रेनवाल्याच्या आवारात. उद्या भंगारवाला न्यायला येणार. बाबांनीच बोलावलंय त्याला."

आत्याच्या कपाळावरची शीर उडायला लागली. अपघातानंतर इतक्या घाईनं गाडी भंगारात काढणारे मालक तिनं बरेच पाहिले होते. त्यातला एकही साधाभोळा निघाला नव्हता.

२

आधी ती धाकट्याकडे गेली. तो उशीला टेकून बसला होता, पाय लोखंडी चौकटीत. दुखतंय का विचारलं तर म्हणाला, दुखणाऱ्या जागेला खाज सुटते आणि खाजवता येत नाही, ते जास्त वाईट आहे.

त्याची हकिगत सरळ होती. गावातल्या रस्त्यांवर गाडी मस्त पळाली. फक्त एकसारखी घरघर येत होती. नव्या गिअरबॉक्सचा आवाज असेल म्हणून त्यानं सोडून दिलं. डोंगरावर खडी लागली तेव्हा त्यानं मधला लॉक टाकला. या लॉकनं पुढची आणि मागची चाकं एकमेकांना घट्ट बांधली जातात, खडीवर पकड मिळते. त्याच क्षणी गाडी ओढायला लागली, कुणी हँडब्रेक लावून ठेवावा तशी. पुढे डांबर लागलं. त्यानं लॉक काढायचं बटण दाबलं. सुटला नाही. पुन्हा दाबलं. जळक्या तेलाचा वास आला. मग वळण आलं.

"बटणाचीच भानगड असणार," तो म्हणाला. "वायरमनचं आणि ताईचं त्या वायरिंगवरून किती वाजलं होतं, माहितीये ना? पण बाबा ऐकतच नाहीत. ताई, ताई आणि ताई."

"निघताना कोण कोण होतं?"

"सगळे. भागीदारकाका तोंड पाडून उभे होते, त्यांचा पहिल्यापासून विरोधच. वायरमन होता. आणि बाबा, चक्क हसत होते." धाकट्यालाही ते आठवून नवल वाटलं. "काम सुरू झाल्यापासून बाबा त्या गाडीकडे फिरकले नव्हते. आणि त्या दिवशी येऊन डिकीवर थाप मारली, म्हणाले, आता बघ कशी पळते."

"डिकीवर? बॉनेटवर नाही?"

"डिकीवर. का गं?"

आत्या निघाली, पण ती थाप तिच्या डोक्यातून जाईना. इंजिन नवं, टर्बो नवा, सगळी करामत पुढे बॉनेटखाली. मग शाबासकीची थाप मागे कशाला?

३

क्रेनवाल्याच्या आवारात आईची गाडी नाक चेपून उभी होती. चारही टायरांच्या बाजूला खडूची एकेक रेघ अजून पुसट दिसत होती.

आत्या वायरमनला बरोबर घेऊन आली होती. एक तर तिला खाली सरपटायला माणूस हवा होता, आणि दुसरं म्हणजे संशयिताला पुराव्यापाशी उभं करून त्याचं तोंड बघायची तिची जुनी सवय होती. वायरमनला सगळे 'करंट' म्हणत, कारण तो कशानेही चिडत असे. आताही तो चिडलेलाच होता.

"माझं वायरिंग तपासा," तो आल्या आल्या म्हणाला. "आत्ता तपासा. गावभर माझं नाव झालंय."

बॅटरी जोडून आत्यानं बटण दाबलं. लॉकच्या मोटरनं स्वच्छ टक् केलं. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. बटण ठीक, वायर ठीक, मोटर ठीक. लॉक काढायचा हुकूम गेला होता, पण आतले दातेच एकमेकांत असे आवळून बसले होते की ते हलू शकले नव्हते.

"म्हणजे पुढचं आणि मागचं भांडत होतं," वायरमन पुटपुटला.

तसंच होतं ते. दोघांनी एक खाट उचलली आणि पुढचा भरभर, मागचा हळू चालायला लागला, तर खाट कुणाच्याच ऐकण्यात राहत नाही. गिअरबॉक्समधून पुढच्या चाकांना मिळणारा वेग आणि डिफरन्शियलमधून मागच्या चाकांना मिळणारा वेग एकच असावा लागतो. दातेच जुळत नसतील तर लॉक न टाकलेल्या गाडीत ते कसंबसं खपून जातं. लॉक टाकला की संपलं.

पण ते कसं शक्य होतं? गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच टर्बो गाडीतून आले होते. कारखान्यातूनच जोडीनं निघालेले. शिवाय करंट छातीठोकपणे सांगत होता की खडूची परीक्षा त्याच्या डोळ्यांदेखत झाली होती. गाडी ठोकळ्यांवर उचलली, लॉक टाकला, चारही टायरांवर अगदी वर खडूची रेघ मारली आणि चाकं हातानं फिरवली. चारही रेघा एकदमच वर आल्या. पुन्हा फिरवली, पुन्हा एकदमच.

"त्या पोरीशी माझं पटत नाही," तो म्हणाला, "पण तिचं काम चोख होतं. खोटं कशाला बोलू?"

आत्यानं त्याला गाडीखाली घातलं. मागच्या डिफरन्शियलच्या झाकणावर थोरलीनं ओळखीसाठी दिलेला पिवळ्या रंगाचा ठिपका जागेवर होता. म्हणजे डिफरन्शियल तोच. आत्यानं करंटला एक चाक धरायला लावून दुसरं फिरवलं, मधला दांडा किती फिरतो ते मोजलं आणि भुवया चढवल्या. हा टर्बो गाडीचा डिफरन्शियलच नव्हता.

"झाकण खोल," ती म्हणाली.

झाकण निघालं. त्याच्यामागून जे निघालं ते पाहून आत्या स्वतःच गाडीखाली वाकली. नंतर तिनं ते हलक्या हातानं सोलून काढलं आणि रुमालात गुंडाळलं.

तो होता जाड खाकी कागद. झाकणाच्या बरोबर आकाराचा, हातानं कापलेला.

४

थोरली तेल गळू नये म्हणून झाकणाला ट्यूबमधली काळी पेस्ट लावायची. कागदाची पॅकिंग कापायचा खटाटोप हल्ली कोण करतं? कागद झाकणावर ठेवायचा, कडेकडेनं लहान हातोडीनं टकटक करत तो कापत न्यायचा, बोल्टची भोकं पाडायची, वर साबण फिरवायचा. अर्ध्या दुपारचं काम.

शिवाय झाकणावरचा पिवळा ठिपका म्हणजे डिफरन्शियलवरचा ठिपका नव्हे. डिफरन्शियल बदलून झाकण तेवढं जुन्या जागी लावलं, की बाहेरून कुणाला कळणार? ठिपका आपल्या जागी आणि पोटात सगळं दुसरंच.

दादाचा भागीदार आत्याला त्याच्या केबिनमध्ये भेटला. तो तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात चिडला. हो, त्याला ते काम नको होतं. जुनी गाडी जशीच्या तशी ठेवली असती तर शौकीन लोक बघायला आले असते, गॅरेजचं नाव झालं असतं. हो, ती गाडी बंद पडावी असं त्याला वाटलं होतं, मनातल्या मनात अनेकदा वाटलं होतं. पण खडूची परीक्षा झाल्यानंतरचा अख्खा दिवस तो थोरलीबरोबर पासिंगच्या ऑफिसात रांगेत उभा होता, बदललेल्या इंजिनाची नोंद करायला. आणि राहता राहिला प्रश्न पॅकिंग कापण्याचा, तर हा माणूस पाना धरायच्या आधी रुमाल शोधायचा. आत्यानं त्याला सोडून दिलं.

"त्या दिवशी इथे कोण होतं मग?" तिनं बाहेर येऊन करंटला विचारलं.

"कुणीच नाही. मालकांनी आम्हाला दुपारीच घरी पाठवलं. म्हणाले, जा, आराम करा." करंट हसला. "मालक आराम करा म्हणाले. मी आधी त्यांना ताप आहे का बघितलं."

आत्या थेट गॅरेजच्या आतल्या फळीपाशी गेली. आईच्या गाडीतून काढलेला जुना डिफरन्शियल तिथे गोणपाटाखाली ठेवलेला असायचा. आताही गोणपाटाखाली एक डिफरन्शियल होताच. वर जुनं, गंजाचे डाग पडलेलं झाकण. तिनं करंटला त्याचा दांडा फिरवायला लावला, स्वतः मोजलं, आणि गोणपाट परत नीट पांघरलं.

नवा डिफरन्शियल फळीवर होता. जुना गाडीत होता. चोरीला काहीच गेलं नव्हतं. दोघांनी फक्त जागा बदलल्या होत्या, आणि आता आत्याला कोण ते कळलं होतं. कळल्याबरोबर तिला आधी रडू आलं, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला.

५

संध्याकाळी तिनं सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. थोरली शटरपाशीच थांबली. आत पाय ठेवायचा नाही म्हटलं होतं ना, ती म्हणाली, मग मी इथूनच ऐकते. दादा टेबलाला टेकून हाताची घडी घालून उभा होता.

आत्यानं रुमाल उघडून खाकी कागद टेबलावर पसरला.

ज्याला गाडी बिघडवायची असते, तिनं सांगायला सुरुवात केली, तो बोल्ट ढिला करतो, नळी कापतो, तेल सोडून देतो. दोन मिनिटांचं काम. इथे मात्र कुणीतरी अख्खी दुपार खर्चून डिफरन्शियल उतरवला, दुसरा चढवला, ताजं तेल भरलं, आणि झाकणाला हातानं पॅकिंग कापली. या कडा बघा, एक जागा फाटलेली नाही. बोल्टची भोकं बघा. घातपात करणारा माणूस इतक्या प्रेमानं पॅकिंग कापत नाही.

"म्हणजे ज्यानं हे केलं," ती म्हणाली, "त्याला गाडी पळायलाच हवी होती. आधीपेक्षा चांगली. आणि ती पळेल याची त्याला खात्री होती."

थोरली हळूहळू उंबऱ्यापर्यंत आली होती.

"मला तो माणूस ओळखू आला तो यावरून नाही," आत्या म्हणाली. आता ती फक्त भावाकडे बघत होती. "हॉस्पिटलात धाकटा म्हणाला, लॉक सुटला नाही. सगळ्यांनी बटणावर बोट ठेवलं. वायरमनला शिव्या बसल्या. गाडी अजून डोंगरावरच होती, कुणी तिला हातही लावला नव्हता. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच गाडीतले, हे इथल्या प्रत्येकाला माहीत होतं. एकाच गाडीतल्या दोन वस्तू जुळत नाहीत असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण तू आल्या आल्या म्हणालास, पुढचं आणि मागचं जुळवायला विसरलीस. दादा, ते फक्त त्यालाच कळू शकतं, ज्याला माहीत आहे की मागचं त्या गाडीतलं नाहीच."

दादाची हाताची घडी सुटली.

"पॅकिंगला साबण लावायला मला आणि तुला आपल्या वडिलांनी शिकवलं," आत्या म्हणाली. "मी काही इथे आले नव्हते."

६

तो लगेच कबूल झाला नाही. आधी ओरडला, मग करंटवर घसरला, मग भागीदारावर. शेवटी स्टुलावर बसला तेव्हा एकाएकी फार म्हातारा दिसला. आत्याला त्याची दया आली नाही. यायला हवी होती, पण नाही आली.

तो जुना डिफरन्शियल त्यानं स्वतः बांधला होता. धाकटा पोटात असताना बायकोला त्या डोंगरापलीकडे माहेरी जायचं होतं, म्हणून दाता दाता पारखून बसवला होता. तो पुन्हा कधी खोलावा लागला नाही. थोरलीनं तो काढून फळीवर ठेवला आणि वर गोणपाट टाकलं, ते त्याला लागलं. इंजिन थकलं होतं, मान्य. पण डिफरन्शियल थकला नव्हता. त्यात काय खोट काढली हिनं? दुसऱ्या ठोकलेल्या गाडीतला उचलून लावला, बापानं बांधलेला नको. त्याला वाटलं, आपलाच पुन्हा बसवावा, गाडी डोंगर चढून उतरून यावी, आणि मग सगळ्यांसमोर झाकण उघडून दाखवावं की आत कुणाचं काम आहे.

"सगळ्या गाड्यांना तोच लागायचा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आमच्या वेळी तोच लागायचा."

"टर्बोचा गिअरबॉक्स वेगळा असतो, बाबा." थोरली आता आत आली होती. तिचा आवाज चढलेला नव्हता. "इंजिनाची ताकद जास्त, म्हणून दाते वेगळे. म्हणून मागचा पण बदलावा लागतो. मी हेच सांगायला आले होते तुमच्याकडे. मागचा बदलतेय एवढं म्हटलं आणि तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठून गेलात. पुढचं ऐकलंच नाहीत."

"मला वाटलं तू..."

"नंतर तरी सांगायचं होतंत." आता तिचा आवाज चढला. "धाकट्याला आत नेत होते तेव्हा तुम्हाला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. मी झोपले नाहीये. मी माझे हात बघत बसलेय, की या हातांनी भावाचा पाय तोडला म्हणून. तुम्ही मला ते बघत बसू दिलंत. माझी पेटी फेकलीत. गाडी भंगारात घालायला निघालात."

दादा काहीतरी म्हणाला. माफ कर म्हणाला असावा. करंटनं मान फिरवून भिंतीवर टांगलेल्या रबरी पट्ट्यांकडे बघायला सुरुवात केली. भागीदारानं रुमाल काढला आणि पुन्हा खिशात ठेवला.

"धाकट्याला तुम्ही सांगायचं," थोरली म्हणाली. "आत्ता जाऊन. मी नाही सांगणार, आत्या नाही सांगणार. तुम्ही त्याच्या पायाकडे बघत सांगायचं."

तो उठला नाही. ती थोडा वेळ थांबली, त्याला उठायला जेवढा वेळ लागावा तेवढा. मग ती फुटपाथवर गेली, आपली पेटी घेऊन आली आणि नेहमीच्या जागी, खिडकीखालच्या टेबलावर ठेवली. झाकण वाकलं होतं, ते तळहातानं दाबून बसवलं.

त्यानंतर ती बापाच्या टेबलापाशी गेली. तिथे जमिनीवर त्याची पेटी होती, लाकडी, आजोबांच्या वेळची, कोपऱ्यांना पितळ लावलेली. लहानपणी त्या पेटीला हात लावला तर मार मिळायचा. थोरलीनं तिची एक कडी धरली आणि ती शटरच्या दिशेनं ओढायला लागली. फरशीवर तळाची लोखंडी पट्टी खरवडल्याचा आवाज झाला. दादानं मान वर केली.

पेटी जड होती, एकटीला उचलण्यासारखी नव्हतीच.

आत्यानं दुसरी कडी धरली.